तिसरं काचघर

यंदा माझ्या गॅलरीतली शेवंती अर्ध्याच अंगानं फुलली. भिंतीकडची बाजू पांढरी झाली आणि रस्त्याकडची बाजू हिरवीगार, नुसती पानंच पानं, औषधाला एक कळी नाही. मी चहाचा पेला हातात धरून उभी होते. प्यायचं राहून गेलं. उन्हाळ्यात पालिकेनं आमच्या इमारतीसमोर नवा दिवा लावला, पांढराफटक, पडद्यातून आत घुसणारा. मी कुणाला काही बोलले नाही. गरम पाण्याच्या बंबांच्या कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे घरी आल्यावर स्वतःची तक्रार करायला जीभ उचलत नाही. मी पडदा जाड घेतला आणि विसरले. कुंडीला पडदा कोण लावणार? शेवंतीला रात्र लागते. रात्री लांबायला लागल्या की ती कळी धरते, आणि रात्रीत उजेडाची एवढीशी फट जरी पडली तरी तिला वाटतं, अजून उन्हाळाच आहे, मग ती पानं काढत बसते. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. अत्सुमीच्या, म्हणजे आमच्या गावच्या, मुलांना हे चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक असतं. आमचं अख्खं गाव तिला फसवूनच जगलं. रात्री काचघरांतून दिवे लावायचे, तिला उन्हाळ्यात अडकवून ठेवायचं आणि फुलं कधी हवीत त्याचा हिशेब करून एके दिवशी दिवे विझवायचे. मग बिचारी फुलायची, पांढरी, एका देठाला एकच फूल, सरळ माणसांच्या अंत्यविधीला. देशभरातली मढी आमच्या फुलांत निजत होती आणि आमचं बरं चाललं होतं.

पण मी फुलांचा विचार करत नव्हते. माझ्या मनात एकच गोष्ट आली आणि पेला हातात गार होईपर्यंत ती तिथून हलली नाही. उजेड बाहेरूनही येऊ शकतो. घरातला दिवा विझवलेला असतानाही येऊ शकतो. तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या म्हणजे अत्सुमीत जन्मलेल्या बाईच्या. आमच्या तिसऱ्या काचघराचा मागचा कोपरा त्या वर्षी असाच आंधळा राहिला होता. वर्षअखेरीचा माल, सगळ्यात चढ्या भावाचा. बाकीच्या ओळी पांढऱ्या झाल्या आणि मागच्या कोपऱ्यात छातीएवढी नुसती पानं. त्या कोपऱ्याच्या दिव्यांचा खटका वेगळा होता आणि दिवे विझवायचं काम दादाचं होतं. बाबांनी फुलवाल्यांच्या सोसायटीच्या लोकांसमोर, टेम्पोवाल्यासमोर, दादाच्या कानाखाली मारली. पंचविशीतल्या मुलाच्या, ज्याच्या नावावर पुढच्या वर्षी सगळं व्हायचं होतं त्याच्या. "दिवा विझवता येत नाही आणि घर चालवणार म्हणे," असं बाबा म्हणाले. दादा म्हणाला, "मी विझवला होता." बाबांनी पुन्हा मारली. तो दुसऱ्यांदा बोलला नाही. संध्याकाळच्या गाडीनं ओसाकाला गेला, तो गेलाच. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होते आणि काचघराच्या दारात उभी होते. मला आई आठवते, बाबांच्या मागे, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून उभी असलेली. तिनं हात बाहेर काढले नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं की आई असती तर तिनं मधे हात घातला असता. ती होतीच की तिथे, तरी मला असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिसऱ्या काचघराला कुलूप लावलं आणि त्यानंतर ते कधी उघडलं नाही. लोक म्हणाले, मुलाचा राग वास्तूवर काढला.

बाबा आता तोयोहाशीच्या वृद्धाश्रमात आहेत, नाकाला नळी लावलेले. डोकं मात्र शाबूत आहे. ते बिघडलं असतं तर आम्हां सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा निघणं कठीण. बाबांनी स्वतःच्या विधीची फुलं आधीच सांगून ठेवली आहेत: पांढरी शेवंती, एका देठाला एक, हल्लीची गुलाबी-जांभळी विलायती थेरं नकोत. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही. मी काढलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि "कोबीला पाणी जास्त झालंय," म्हणाले. मला ते दोघे एकदा, एकाच खोलीत, म्हातारा जिवंत असताना बघायचे होते. एवढंच मागणं होतं माझं. मी लग्न केलं नाही, मला मूल नाही, माणसं म्हणून माझ्याजवळ ही दोनच होती आणि दोघांची तोंडं तीस वर्षं दोन दिशांना. पेला बेसिनमध्ये ठेवून मी दादाला फोन लावला.

"मेला का?" दादानं विचारलं. फोन उचलल्यावर तो नेहमी हेच विचारतो.

"नाही. दादा, ऐक. त्या वेळी बाहेर कुठे दिवा होता का? रस्त्यावर, देवळापाशी?"

मागे त्याच्या ट्रकचं इंजिन चालू होतं. मग म्हणाला, "चिझु, तुला आत्ता सुचलं हे?"

"माझी शेवंती अर्धी फुलली."

"बाहेर काही नव्हतं. कोबी होता. कोबी उजेड देतो का?" मग त्याचा आवाज बदलला. "मी खटका खाली केला होता आणि लाल दोरीनं बांधला होता. कुणाचा धक्का लागून वर जाऊ नये म्हणून. ती प्लास्टिकची, फुलांचे गठ्ठे बांधायची. मी तेव्हाही सांगणार होतो, जाऊन विजेची पेटी उघडून बघा. पण दोन थोबाडीत खाल्ल्यावर माणूस पेटी उघडा म्हणत नाही. आणि लगेच कुलूपच लावलं. कुणी बघितलंच नाही गं. तीस वर्षं ती दोरी तिथे आहे आणि कुणी गेलं नाही बघायला."

"मी जाते."

"जा. आणि बघून आलीस की त्याला सांग. त्याच्या तोंडून एकदा येऊ दे, चूक झाली म्हणून. मी त्याच रात्री ट्रक घेऊन येतो. नाही आलं तर मला पुन्हा त्याच्यासाठी फोन करू नकोस, मेल्यावरही नाही." मग म्हणाला, "आईला तेवढं माहीत होतं. स्टेशनवर भाताचे मुटके घेऊन आली होती. म्हणाली, तू दिवा विझवला होतास, मला माहीत आहे. एवढंच. त्यावर जगलो मी, खरं सांगतो."

हे त्यानं मला पूर्वीही सांगितलेलं आहे. प्रत्येक वेळी तो 'एवढंच' म्हणतो आणि त्याचा आवाज मऊ होतो. दहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीला तो आला नाही, बाबा पुढे बसणार होते म्हणून. पण दर वसंतात आमच्या घराण्याच्या थडग्यावर घेवड्याचं गोड सारण भरलेला एक पाव ठेवलेला असतो, दुकानाच्या कागदासकट, तिला आवडायचा तसला. पावाचं नाव आमच्यापैकी कुणी काढत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी नागोयाहून अत्सुमीला गेले. आगगाडी, मग छोटी गाडी, मग बस. वारा तोच, समुद्रावरून सरळ येऊन कानात बसणारा. आमची पहिली दोन काचघरं शेजारच्या मिझुनोंनी घेऊन पाडली, तिथे आता कोबी आहे. तिसरं कुणालाच नको होतं, कारण एवढ्या काचा उचलायच्या कुणी? मिझुनो-आजी कोबीतच वाकलेल्या होत्या. मला बघून सरळ झाल्या, म्हणजे होत्या त्याहून जरा कमी वाकल्या.

"कोण, चिझुरु का? बारीक झालीस. नागोयात जेवण मिळत नाही का?"

"मिळतं आजी. तिसऱ्या काचघरात जायचंय."

"तिथे? तिथे काय ठेवलंय? साप आहे बघ एक. पण थंडी आहे, झोपला असेल. बाबांना विचारून आलीस ना?"

"नाही विचारलं."

"बरं केलंस. विचारून जाणारी माणसं अजून दारातच उभी आहेत." त्यांनी स्वतःचा विळा माझ्या हातात दिला आणि शेडमधले सुनेचे रबरी बूट घालायला लावले. "आणि वर बघून चाल. काच पडते. तुझ्या बापासारखीच आहे ती, तीस वर्षं लटकते पण सोडत नाही."

मला हसू आलं, मग लाज वाटली, मग दोन्ही गेलं. कुडझूच्या वेलांनी काचघर असं गिळलं होतं की दार शोधायलाच बराच वेळ गेला. कुलूप होतं, पण दाराची चौकट बाजूनं कुजून सुटली होती, त्यामुळे कुलूप नुसतं हवेला लावल्यासारखं लोंबत होतं. मी आडवी होऊन आत शिरले. आत ऊन होतं, हिरवं, पाण्यातून यावं तसं, आणि वारा एकदम बंद झाला. पहिल्यांदा ती उबच अंगावर आली. बंद काचेची, ओल्या मातीची, लहानपणी मी शाळेतून येऊन दप्तरासकट जिच्यात शिरायचे ती ऊब. डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला, कारण या जागेनं मला कधी आपलं म्हटलं नव्हतं. कळ्या खुडायला मी सगळ्यात चलाख होते. एका देठाला एकच फूल हवं, म्हणून मधली मोठी कळी ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या नखानं खुडायच्या. अंगठ्याचं नख काळं पडायचं, चिकानं, साबणानं जायचं नाही. बाबा सोसायटीच्या लोकांना माझा हात दाखवायचे. "बघा पोरीचा हात, एक कळी चुकत नाही." हात दाखवायचे. मला नाही. नावावर दादाच्याच व्हायचं होतं, त्याला फुलांचा वास सहन व्हायचा नाही तरीही, आणि तो गेल्यावरही माझं नाव कुणाला आठवलं नाही. मी वाट बघितली, एक वर्ष, मग नागोयाला गेले. जाताना बाबा म्हणाले, "दरवाजा ओढून घे."

मधोमध छपराची काच फोडून एक किरीचं झाड वर गेलं होतं. पूर्वी मुलगी झाली की लोक ते झाड लावायचे म्हणे, लग्नात कपाट करायला. माझ्यासाठी कुणी लावलं नव्हतं, हे आपलं आपण आलं होतं. त्याच्या फांद्यांत अजून दोन-तीन काळे पडलेले बल्ब अडकलेले होते. खाली वाफे दिसतच नव्हते. सोनेरी गवत, कुडझू, गंजलेले पाइप, फुटक्या काचा. आणि त्या सगळ्यात मधून मधून शेवंती होती. तीस वर्षं कुणी पाणी नाही, खत नाही, फक्त फुटक्या छपरातून पडेल तो पाऊस. देठ वाकडे, गवतावर रेललेले, आणि प्रत्येक देठाला फुलंच फुलं, बटणाएवढी, पांढरट, काही गुलाबी झाक असलेली. बाजूची एकूण एक कळी फुललेली होती. बाजारात कुणी फुकटही घेतली नसती. मी त्यांच्याकडे हावरटासारखी बघत राहिले. मग खाली बसून उगीचच एका देठावरची बाजूची फुलं खुडायला लागले आणि तीन-चार खुडून झाल्यावर माझं मलाच कळलं तेव्हा हात मागे घेतला.

विजेची पेटी दाराच्या आत, डाव्या हाताला होती. वेल कापायला विळा लागला. झाकण गंजून धरलेलं होतं, विळ्याच्या टोकानं उचकटलं तेव्हा त्याचा एक तुकडाच हातात आला. आत मागच्या कोपऱ्याचा खटका खाली होता. त्याच्याभोवती लाल दोरी, दोन वेढे आणि दादाची ती वेडीवाकडी गाठ, बुटाची लेस बांधतानाही जी तो तशीच बांधायचा. बाहेर सगळ्याचा रंग उडाला होता, पण पेटीच्या आत ती दोरी कालच्यासारखी लाल होती. मी मोठ्यानं म्हटलं, "दादा, आहे." ऐकायला किरीचं झाड होतं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, खरंच सांगते. मला वाटलं, संपलं, आता फोटो काढायचा, म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरायचा. मी फोटो काढलाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि संन्याशाची दोरी माझ्या फोनमध्ये होती. मग चोर कोण, हा प्रश्न पडायला मला क्षणभर वेळ लागला.

पेटीच्या वर, लाकडी फळीवर, रेडिओचा प्लग होता. तो मी विसरलेच होते. कळ्या खुडताना बायका रेडिओ ऐकायच्या, म्हणून बाबांनी तो वेगळा काढून घेतला होता, दिव्यांचा खटका खाली असला तरी चालू राहणारा. रेडिओ तिथे नव्हता. प्लगमध्ये एक पांढरी वायर खोचलेली होती, घरात वापरतात तसली, आणि ती पाइपामागून खाली उतरून गवतात गेली होती. मी ती हातात धरली आणि ओढत, विळ्यानं वाट करत, तिच्या मागे निघाले. कुठे निघाले आहे हे मला चार पावलांतच समजलं. काचघराच्या मागच्या कोपऱ्याकडे ती जात होती. मी थांबू शकले असते. दोरीचा फोटो मिळाला होता, दादाचं काम झालं होतं, बाहेर पडून बस पकडता आली असती. पण हातातली वायर सुटेना.

कोपऱ्यात, जुन्या खतांच्या पोत्यांच्या आडोशाला, बिअरचा एक क्रेट पालथा घातलेला होता आणि त्यावर कुजलेली उशी. उशीचं कापड मी ओळखलं, आमच्याच घरातलं, आजीच्या जुन्या किमोनोचं. वायरच्या टोकाला टेबलावरचा छोटा दिवा, त्याच्या टोपीवर एक टॉवेल गुंडाळलेला, उजेड बाहेर दिसू नये म्हणून. क्रेटच्या मागे तांदळाच्या बिस्किटांचा डबा. डबा उघडायला सोपा गेला. आत नेलपॉलिशच्या बाटल्या होत्या. लाल, गडद लाल, मोतिया, एक नारिंगी. एक नखांची कानस. आणि नेलपॉलिश पुसायच्या औषधाची मोठी बाटली, रिकामी. मी तिचं झाकण उघडून नाकाशी धरलं. तीस वर्षांनी काय राहणार, पण मला वास आला, किंवा आठवला. सकाळी शाळेत जाताना आई माझे केस विंचरायची तेव्हा तिच्या बोटांना यायचा तो वास. तो फवारणीच्या औषधाचा आहे असं मी आयुष्यभर समजत आले होते. आमच्याकडे सगळेच वास फवारणीचे असायचे.

मी क्रेटवर बसले. उशीतून पाणी आलं. माझी आई कोबेची होती, शहरातली, आणि आमच्या घरात तिच्या नावाची एक खुंटीसुद्धा नव्हती. आजी होती तोवर स्वयंपाकघर आजीचं, मग बाबांच्या हिशेबाचं. तिचे हात चिकानं काळे, नखं फुटलेली, शाळेच्या सभेला आली की ती हात रुमालाखाली ठेवायची. घर निजलं की ती इथे येत होती. नखं रंगवायची, दोन्ही हात दिव्यासमोर पसरायची, ती वाळेपर्यंत बघत बसायची आणि मग पुसून टाकून परत यायची. कुणाला काही नको होतं तिच्याकडून, तिलाही कुणाकडून काही नको होतं. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. अत्सुमीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला दिवे विझवल्यानंतर काचघरात उजेड करायचा नाही हे ठाऊक नाही, असं कसं म्हणू? तिला वाटलं असेल, टॉवेल आहे, एवढाच तर उजेड, काय होतंय! आणि मग पानंच पानं वाढायला लागली तेव्हा तिनंच सगळ्यांच्या आधी बघितली असतील. बघूनही ती गप्प बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ तिनं एप्रनच्या खिशात झाकली आणि पोराच्या थोबाडीत बसली ती बघितली. मला तिची दया येत होती आणि तिच्या त्या रंगवलेल्या हातांना धरून हलवावंसं वाटत होतं. आणि स्टेशनवर काय म्हणाली ती? तू दिवा विझवला होतास, मला माहीत आहे. माहीत असणारच. दुसरा दिवा कुणी लावला हे तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? दादा तीस वर्षं त्या वाक्यावर जगला, आई आपल्यावर विश्वास ठेवते म्हणून. ती विश्वास ठेवत नव्हती. तिला फक्त माहिती होती. कोपऱ्यातली शेवंती माझ्या गुडघ्यांशी दाट फुललेली होती, तीच, जी त्या वर्षी फुलली नव्हती. मी एक लाल बाटली खिशात घातली आणि बाकीचा डबा होता तिथे ठेवला.

तोयोहाशीला पोहोचले तेव्हा बाबा बसून होते, दुपारची पेज नको म्हणून नर्सशी वाद घालत. नर्स गेल्यावर मी ती बाटली त्यांच्या पांघरुणावर ठेवली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली, कळी तपासायचे तशी.

"अजून लाल आहे," ते म्हणाले.

मी सगळं सांगायची तयारी करून आले होते, वायर, दिवा, टॉवेल. सांगायला काही उरलंच नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"करंगळीच्या कडेला राहिला होता रंग. घाईत पुसला असणार. सकाळी भात वाढताना दिसला. मग मी काचघरात जाऊन बघून आलो."

"म्हणजे आधी? मारायच्या आधी?"

"आधी."

"आणि तरी तुम्ही दादाला..."

"सोसायटीचे लोक उभे होते, चिझुरु. माल गेला कसा ते त्यांना सांगावं लागतं. बायको रात्री उठून कोपऱ्यात नखं रंगवते असं सांगू? तिला त्या गावात राहता आलं असतं का? ती गेली असती कोबेला." श्वासासाठी ते थांबले, नळी सरळ केली. "बायको गेली तर घर जातं. पोराचं काय, चार दिवस राग येईल, पोट भरेना झालं की येईल परत, असं वाटलं."

"नाही आला."

"नाही आला."

"आणि आईला? तिला कधी बोललात?"

"काय बोलायचं? कुलूप लावलं ना. तिला समजलं." त्यांनी बाटली मुठीत घेतली. "पुन्हा कधी रंगवली नाहीत तिनं."

दोघं वीस वर्षं एका ताटाशी बसून जेवले, दोघांना ठाऊक, दोघांना दुसऱ्याला ठाऊक आहे हेही ठाऊक, आणि सुट्टीला घरी आले की मधे मी भात वाढून घेत होते. मी म्हटलं, "घर वाचवायला मुलगा खुडलात."

मला वाटलं ते चिडतील. ते धंद्याचं बोलल्यासारखं बोलले. "मधली कळी कधी चुकून मोडते. तेव्हा काय करतात? बाजूची न खुडता सोडतात. तीही फुलते. जरा लहान फुलते, पण फुलते."

"मला कुठे सोडलंत तुम्ही?" माझा आवाज इतका मोठा झाला की शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली. "एक वर्ष थांबले होते मी."

बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं. सकाळी खुडलेल्या त्या तीन-चार फुलांनी माझ्या अंगठ्याचं नख काळं केलं होतं. त्यांना काही म्हणायचं होतं असं मला वाटलं, अजूनही वाटतं, पण ते एवढंच म्हणाले, "तू म्हणाली नाहीस." आणि थोड्या वेळानं, डोळे मिटून, "सांग त्याला. सगळं सांग, मी खोटा होतो म्हण. येईल मग. पण तिच्याकडे जायचा नाही तो परत. पाव कोण ठेवतं ते काय मला कळत नाही?"

त्यांनी बाटली परत दिली नाही, आणि मी मागितली नाही.

स्टेशनच्या बाकावर बसून मी फोन लावला. संध्याकाळची शाळेची मुलं गाडीची वाट बघत दंगा करत होती. दादानं पहिल्याच घंटीला उचलला. या वेळी त्यानं मेला का म्हणून विचारलं नाही.

"होती?"

"होती. लाल आहे अजून. गाठ तुझीच."

पलीकडून आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा हे मला समजलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस. "बघ," तो म्हणत राहिला, "बघ. बघ. मी म्हणत होतो." मग नाक ओढून म्हणाला, "मग दिवा कुठला होता?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. एक वाक्य, आणि तो ट्रक घेऊन निघाला असता, उद्या सकाळी दोघं एका खोलीत असते, म्हातारा जिवंत असताना. मला हवं होतं तेच. माझी दोन माणसं समोरासमोर. आणि तो मुटके घेऊन आलेल्या बाईला तीस वर्षांनी स्टेशनवरून उठवून घालवणार होता. एका देठाला एकच. अंगठ्याच्या काळ्या नखाकडे बघत मी म्हटलं, "काही सापडला नाही. रान माजलंय नुसतं."

"आणि तो? त्याला दाखवलास फोटो?"

"दाखवला."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, कोबीला पाणी जास्त झालंय."

"ठीक," तो म्हणाला. मग हळूच, जणू एवढंच त्याला हवं होतं, "आईला कसं कळलं असेल गं? पेटी न बघता, काही नाही, थेट मला म्हणाली. सगळं गाव एका बाजूला, आणि तिला कसं कळलं असेल?"

"आयांना कळतं," मी म्हटलं. गाडी आली म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. गाडी आली नव्हती.

बाबा थंडीच्या ऐन भरात गेले. त्यांच्या मुठीत काही नव्हतं. नर्स म्हणाली, एक नेलपॉलिशची बाटली होती उशाशी, तुमची असेल म्हणून ठेवलीये. फुलं त्यांनी सांगितली तशीच मिळाली, पांढरी, सरळ, एका देठाला एक, रांगेत, एक कळी जास्त नाही. दादा आला नाही. मी त्याला फोन केला नव्हता, तसं ठरलंच होतं. अस्थी आईच्याच थडग्यात ठेवल्या, आमच्याकडे घराचा दगड एकच असतो, भांडून वेगळं निजायची सोय नाही. मला वाटलं होतं, आता दादा तिथेही यायचा बंद होईल, आणि ते सगळं मी केलेलं असेल. पण वसंतात गेले तेव्हा पाव होता. नेहमीसारखा मधोमध नाही, डावीकडच्या टोकाला सरकवून ठेवलेला, तो तिच्या एकटीचा आहे हे म्हाताऱ्याला कळावं म्हणून. दगडाच्या आत, त्या अंधारात, दोघं शेजारी शेजारी होते, ज्यांना माहीत होतं ते दोघं. मी पाणी घातलं, उदबत्ती लावली. माझ्यासाठी कुणी कुठे काही ठेवलेलं नव्हतं. मग पावाचा कागद काढला आणि तिथेच उभ्यानं, एकटीनं, सगळा खाऊन टाकला.